पुढचीं चाकें

जुन्या जीपगाडींत पहिल्यानेंच बसणाऱ्या माणसाला नवल वाटतें तें तिच्या दांड्यांचें. इतर मोटारींत गिअरचा एकच दांडा असतो; येथें एका रांगेंत तीन दांडे उभे! पहिल्याचें काम सर्वांस ठाऊक आहे. उरलेल्या दोहोंपैकीं एकानें पुढचीं चाकें एंजिनाला जोडलीं जातात, आणि दुसऱ्यानें चाकांची गति कमी करून तिच्या मोबदल्यांत त्यांचा जोर वाढवतां येतो. पहिल्या दांड्याशीं धन्याचा रोजचा संबंध. या दोघांशीं मात्र वर्षानुवर्षें येत नाहीं. आमच्या ओळखीच्या कित्येक जीपवाल्यांच्या घरीं त्यांची स्थिति लग्नांत आलेल्या चांदीच्या ताटासारखी आहे. आल्यागेल्याला दाखवावे आणि पुन्हां विसरून जावें. मग एखाद्या आषाढांत गाडी चिखलांत रुतते, धनी मोठ्या विश्वासानें दांडा ओढतो, आणि तो तसूभरहि हालत नाहीं. किंवा याहून वाईट म्हणजे, तो अगदीं मुकाट्यानें सरकतो, आणि चिखल पूर्वीसारखा मागच्याच चाकांनीं उडत राहतो.

जो हालत नाहीं तो दांडा निदान प्रामाणिक म्हटला पाहिजे. सरकून कांहींच न करणारा दांडा फसवतो, आणि म्हणून त्याच्या परीक्षेविषयींच आम्हांला येथें मुख्यतः लिहावयाचें आहे.

जीप ही युद्धाची लेक. १९४० सालच्या जुलै महिन्यांत अमेरिकेच्या सैन्यानें चारी चाकांनीं ओढणारी हलकी गाडी बनवून देण्याविषयीं १३५ कारखान्यांकडे विचारणा केली, आणि पेन्सिल्व्हेनियांतील बँटम नांवाच्या एका लहानशा कंपनीनें त्याच वर्षीं सप्टेंबरांत पहिला नमुना सैन्याच्या हवालीं केला. पुढें मोठीं कंत्राटें मात्र विलिस व फोर्ड यांच्याकडे गेलीं, आणि युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यानंतर मुंबईच्या महिंद्रा कंपनीनें विलिसच्या परवान्यानें आपल्याकडे हें काम सुरू केलें. उंच बॉनेटाची जी सीजे-३बी जात अमेरिकेंत १९५३ सालीं निघाली, ती आपल्या खेड्यापाड्यांनीं पुढें कित्येक दशकें पाहिली. युद्धकाळच्या जीपेंत पुढचीं चाकें आपल्या ॲक्सलांना कायमचींच जोडलेलीं असत. पुढची ओढ बंद असतांहि ॲक्सल, डिफरन्शिअल आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट चाकांबरोबर फुकट फिरत राहत. १९४८ सालीं आर्थर वॉर्न या अमेरिकन गृहस्थानें हातानें फिरवून जोडतां-सोडतां येणारे हब काढले आणि ही वणवण थांबवली. सोय मोठी झाली यांत संशय नाहीं. परंतु सोयीबरोबर गाडींत बिघडण्याजोगीं दोन नवीं स्थळेंहि उत्पन्न झालीं, आणि आमची पुढील हकीकत त्यांतल्याच एका स्थळीं येऊन थांबते.

ज्या जीपेविषयीं आम्ही बोलत आहों ती याच कुळांतली. ती आमच्या आतोबांची. ते वारले, आत्या मात्र मुळशीच्या खोऱ्यांत, ताम्हिणी घाटाच्या अलीकडे, भाताच्या खाचरांना लागून असलेल्या आपल्या घरींच राहते. डांबरी सडकेपासून तें घर दीड मैल आंत. वाटेंत एक ओढा, आणि ओढ्यापुढें तांबड्या मातीची अशी चढण कीं, उन्हाळ्यांत तिच्यावरून कोणतीहि मोटार जावी आणि जून लागला कीं बैलगाडीनें किंवा जीपेनेंच जावें. बैलगाडी आतां राहिली नाहीं. आत्येचें वय सत्त्याहत्तर. आमचा आतेभाऊ परगांवीं नोकरीस असतो. गेल्या उन्हाळ्यांत त्यानें विषय काढला कीं, ऐन पावसांत आईला कांहीं झालें तर ही म्हातारी गाडी वर चढेल याची हमी कोण देणार? त्यापेक्षां गाडी विकावी आणि आईला शहरांत आणावें. आत्येनें सर्व शांतपणें ऐकून घेतलें आणि एवढेंच म्हणाली, "आधी गाडी नीट करा. मग माझ्याविषयी बोला."

ज्येष्ठाच्या अखेरीस पहिला मोठा पाऊस झाला आणि आम्ही त्या चढणीला लागलों. दोन्ही हब जोडलेले, दांडा ओढलेला. तरी गाडी अर्ध्या वाटेवर थांबून मागचीं चाकें जागच्या जागीं फिरूं लागलीं. खाचराच्या बांधावर इरलें घेऊन उभ्या असलेल्या एका शेतकऱ्यानें आमच्या आधीं निदान केलें: "म्होरली चाकं गप हायेत, दादा!" पुढचीं चाकें ओढतात कीं नाहीं हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्यापुरता नुसत्या यंत्राचा राहिला नाहीं.

तालुक्याच्या गांवीं ज्या पहिल्या मिस्त्रीला गाडी दाखवली त्यानें बॉनेटवर हात ठेवूनच निकाल दिला: ट्रान्स्फर केस खोलावी लागेल, आंतले गिअर गेले असणार, पंधरा दिवस लागतील. नाहीं तर पुढचा शाफ्टच काढून टाकावा, ॲव्हरेज वाढेल. ही दुसरी सूचना ऐकून आम्ही चकित झालों नाहीं, कारण आपल्या प्रांतांतल्या पुष्कळ जीपांचा तो शाफ्ट असाच निघून गोठ्याच्या माळ्यावर जाऊन पडलेला आम्हीं पाहिला आहे. डिझेलचे चार पैसे वांचतात हें खरें. पण मग दोन चाकांनींच जावयाचें असेल तर दुसऱ्या पुष्कळ गाड्या याहून सुखाच्या आहेत; जीपच्या कठीण बाकावर हाडें खिळखिळीं करून घेण्याचें प्रयोजन काय, हें आम्हांला कधींच कळलें नाहीं.

दुसरे मिस्त्री वयस्क. सैन्याच्या गाड्यांवर उमेदवारी झालेले. त्यांनीं पान्याला हात लावण्यापूर्वीं गाडीच्या भोंवतीं एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "साहेब, खोलायचं सगळ्यांत शेवटी. आधी गाडीला विचारायचं." गाडीला विचारण्याची त्यांची रीत आम्हांला इतकी आवडली कीं ती सविस्तर देण्याचा मोह आवरत नाहीं.

प्रथम त्यांनीं टायर पाहिले. नुसते पाहिले नाहींत. चाकावर आणि जमिनीवर खडूची खूण करून, गाडी एक फेराभर ढकलून, प्रत्येक चाकाचा घेर मोजला. पुढचीं चाकें न ओढण्याचा आणि टायरांच्या मापाचा संबंध काय, असें आम्हीं विचारलें. संबंध आहे तो असा. या जुन्या जीपेंत पुढची ओढ जोडली म्हणजे पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांशीं घट्ट बांधले जातात. एकाला दुसऱ्याहून अधिक किंवा उणें फिरण्याची मुभा नसते. आतां पुढच्या टायरांचा व्यास २८ इंच आणि मागच्यांचा २९ असला, तर एका मैलांत दोघांच्या चालीमध्यें पावणेदोनशें फुटांहून अधिक अंतर पडूं पाहतें. तें पडतां येत नाहीं, म्हणून तो सगळा पीळ शाफ्टांत आणि गिअरांच्या दांत्यांत सांठत जातो.

टायर सारखे असले तरी वळणावर हाच प्रकार घडतो. गाडी वळते तेव्हां पुढचीं चाकें मागच्यांहून मोठें वर्तुळ काढतात. जीपच्या पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर ८० इंच. मागच्या ॲक्सलाचा मध्य २०० इंच त्रिज्येनें वळत असेल तर पुढच्याचा सुमारें २१५ इंचांनीं वळतो. एका काटकोनाच्या वळणांत पुढच्यांना दोन फूट जास्त चालावें लागतें. माती ओली असली कीं चाकें जराशीं घसरतात आणि हे दोन फूट कोणाच्या नकळत फिटून जातात. डांबरी सडकेवर तीं घसरत नाहींत. मग सुकाणूं जड होतें, टायर कुरकुरतात, आणि दांडा सोडवूं गेलें तर तो सुटत नाहीं. कारण पिळानें दांते एकमेकांवर दाबून धरलेले असतात. आमच्या पाहण्यांतले एक गृहस्थ अशा वेळीं दांड्यावर पाय देऊन उभे राहत. खरा उपाय अगदीं लहान आहे. सुकाणूं किंचित् वळवून गाडी दहा पावलें मागें घ्यावी. पीळ उलगडतो, आणि मघांचाच हट्टी दांडा दोन बोटांनीं सुटतो. दांडा अडला म्हणून ट्रान्स्फर केस खोलायला निघालेल्यांपैकीं किती जणांचें काम या दहा पावलांत झालें असतें, कोण जाणे.

आमचे टायर सारखे निघाले. मग मिस्त्रींनीं दांड्याखालचें रबर काढून आंत बॅटरीचा उजेड पाडला. एंजिन-गिअरबॉक्सचे रबराचे पाय वयोमानानें बसतात, सगळें धूड अर्धा-पाऊण इंच खालीं येतें, आणि दांडा आपल्या जागीं पूर्ण पोंचण्याआधींच तळाच्या पत्र्याच्या कडेला टेकतो. बसणाराला वाटतें गिअर पडला. आंत दांते नुसते ओझरते लागलेले असतात. असा दांडा जोर देतांना टिकतो आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला कीं टक्कन् उडतो. तो तसाच उडण्याचीं आणखीहि कारणें आहेत. सरकत्या दांडीला खांचेंत धरून ठेवणारी एक पोलादी गोळी व तिच्यामागची स्प्रिंग असते. स्प्रिंग मेली कीं गोळीची पकड जाते. दांत्यांच्या कडा झिजून गोल झाल्या म्हणजेहि हेंच होतें, आणि त्याला मात्र खोलण्यावांचून इलाज नाहीं. आमच्याकडे रबर शाबूत होतें. फक्त दोन्ही दांडे ज्या आडव्या खिळीवर फिरतात ती गंजानें जड झाली होती. तिच्या टोंकाला ग्रीसची निपल असते, हें वर्षानुवर्षांच्या चिखलाखालीं कोणाच्या ध्यानांतच राहिलेलें नव्हतें. ग्रीस दिलें, दांडे पांच-सात वेळां मागेंपुढें केले, आणि हाताला तुपासारखें लागूं लागले.

याच ठिकाणीं एका गैरसमजाविषयीं लिहून टाकतों. पुष्कळांची तक्रार असते कीं, जोराचा जो तिसरा दांडा तो अडकला आहे, पडतच नाहीं. तो पडूं नये अशीच योजना आहे. दोन सरकत्या दांड्यांच्या मध्यें कारखान्यानेंच एक लहानशी अटक घातलेली असते, आणि पुढचीं चाकें जोडल्याशिवाय जोराचा गिअर ती पडूं देत नाहीं. कारण तो सगळा वाढलेला जोर एकट्या मागच्या ॲक्सलावर आला तर तो मोडण्याचा संभव. कांहीं हिकमती कारागीर ही अटक काढून टाकतात. त्यांच्या हिकमतीचें कौतुक करावेसें आम्हांला वाटत नाहीं.

इतकें झाल्यावर मिस्त्री गाडीखालीं निजले आणि खरी परीक्षा सुरू झाली. मागच्या चाकांना दगड लावले. दोन्ही हब सोडवले, पुढच्या ओढीचा दांडा जोडला, आणि गिअरचा पहिला दांडा गिअरमध्यें टाकला. मग पुढचा प्रोपेलर शाफ्ट दोन्ही हातांनीं धरून त्यांनीं पिळून पाहिला. तो बोटभर हालून घट्ट थांबला. ओढीचा दांडा सोडवला. तोच शाफ्ट आतां रहाटासारखा मोकळा फिरूं लागला. "ट्रान्स्फर शुद्ध आहे," खालून आवाज आला. दोन मिनिटांत, एकहि बोल्ट न काढतां, पंधरा दिवसांचें काम निकालांत निघालें. यांत हब आधीं सोडवून घेण्यांतच सर्व मर्म आहे. ते जोडलेले ठेवले असते तर जमिनीवरच्या चाकांनींच शाफ्ट अडवून धरला असता, आणि त्याला कोणीं अडवलें, चाकांनीं कीं ट्रान्स्फरनें, हें समजलें नसतें.

म्हणजे शक्ति शाफ्टापर्यंत पोंचते. पुढें कोठें तरी हरवते. आतां परीक्षा उलट दिशेनें. ओढीचा दांडा सोडलेला, दोन्ही हब जोडलेले, शाफ्टावर खडूची रेघ. उजवें चाक जॅकवर उचलून खालीं ठोकळा दिला आणि चाक हातानें एक पूर्ण फेरा फिरवलें. सर्व नीट असेल तर, दुसरें चाक जमिनीवर असल्यामुळें, या गाडीच्या ५.३८ प्रमाणाच्या निम्मे, म्हणजे शाफ्टानें अडीचाहून थोडे अधिक फेरे घ्यावयास पाहिजेत. शाफ्ट जागचा हालला नाहीं. मात्र डाव्या बाजूच्या ॲक्सलाच्या नळींत कांहीं तरी उलट फिरल्याची बारीक घरघर ऐकूं आली. मग तसेंच डावें चाक उचलून फिरवलें. तें तर आपल्या बेअरिंगवर एखाद्या भोंवऱ्याप्रमाणें मुक्त फिरत राहिलें. ना शाफ्टाला त्याची वार्ता, ना ॲक्सलाला.

दोष डावीकडे होता, आणि तरीहि चढणीवर उजवें चाकदेखील ओढत नव्हतें. हें कोडें आम्हांला त्या क्षणीं उलगडलें. डिफरन्शिअलचा स्वभावच असा कीं, दोहोंपैकीं ज्या बाजूला विरोध कमी, तिकडे तो सगळी गति सोडून देतो. डावा ॲक्सल चाकापासून सुटलेला. त्याला कसलाच भार नाहीं. मग एंजिनाचें सर्व बळ त्या मोकळ्या दांडीला गरगर फिरवण्यांत खर्च होणार, आणि उजव्या धडधाकट चाकाच्या वाट्याला कांहींच येणार नाहीं. एका भागीदारानें अंग काढलें कीं दुसऱ्याचीहि मेहनत फुकट, असा हा धंदा आहे. आमच्या परिचयाच्या एकदोन सहकारी सोसायट्यांची येथें आठवण झाली. पण तो विषय वेगळा.

डाव्या बाजूला दोनच संशयित उरले: बाहेरचा हब, किंवा आंतला ॲक्सल व त्याचा जॉइंट. स्वस्त तें आधीं उघडावें या न्यायानें हबचे सहा बोल्ट काढले. वरचा बाण जोडल्याच्या खुणेवर नीट आलेला होता, आणि आंतलें दांत्यांचें कडें, ज्यानें सरकून ॲक्सलाला पकडावयाचें, तें आपल्या मूळ जागीं डाकलावल्यासारखें बसून होतें. कोणीं तरी केव्हां तरी मायेनें हबांत भरपूर जाड ग्रीस कोंबलें होतें. तें वाळून मेणासारखें झालेलें. कागदी गॅस्केट कुजून ओढ्याचें पाणी आंत जाऊन गंज चढलेला. कडें पुढें ढकलणारी स्प्रिंग या लगद्यांत रुतून बसली होती. बाहेरून खूण फिरत होती, आंत कांहींच फिरत नव्हतें. सर्व भाग डिझेलमध्यें धुतले, गंज घासला, स्प्रिंग व गॅस्केट नवीं घातलीं, आणि या वेळीं ग्रीसचा नुसता हात फिरवला. हबला जाड ग्रीस नको असतें. त्यांतल्या कड्यानें चटकन् सरकलें पाहिजे. उजवा हब तेवढ्यासाठींच उघडला, तर तोहि त्याच वाटेला लागलेला आढळला. दिवस मावळण्याच्या आंत पुन्हां चाक फिरवलें तेव्हां खडूची रेघ अडीच फेरे घेऊन आणखी थोडी पुढें गेली. मिस्त्रींनीं मागितलेली रक्कम ऐकून आम्हीं ती दुप्पट करून दिली, तरीहि पहिल्या अंदाजाच्या ती जवळपासहि गेली नाहीं.

एवढें सांगून झाल्यावर त्यांनीं गाडीच्या किल्लीबरोबर एक नेम दिला. महिन्यांतून एकदां, गरज असो वा नसो, हब जोडावे, दोन्ही दांडे टाकावे, आणि शेतांतल्या ओल्या मातींत शे-दोनशे पावलें सरळ जावें. मग दहा पावलें मागें येऊन सर्व सोडवावें. डांबरावर हा प्रयोग करूं नये. वर्षांतून एकदां, पाऊस संपल्यावर, ट्रान्स्फर व डिफरन्शिअल यांतलें ९० नंबरचें ऑईल थोडें काढून पाहावें. त्याला ताकाचा रंग आला असेल तर आंत पाणी शिरलें आहे असें समजून तें सगळें बदलावें. फिरणाऱ्या भागांची झीज होते ती सर्वांच्या डोळ्यांवर येते. न फिरणाऱ्यांची जी होते ती कोणी मोजत नाहीं, आणि चारी चाकांच्या या यंत्रांत आम्हीं जेवढें पाहिलें त्यांत दुसरी झीजच अधिक होती.

आषाढांत त्या चढणीवर पुन्हां गेलों. ओढा गुडघ्याएवढा होता. अर्ध्या वाटेवर मागचीं चाकें एकदां घसरलीं, पण लगेच पुढचें अंग उचलल्यासारखें झालें आणि गाडी, बैल मान खालीं घालून ओढतो तशी, संथपणें वर आली. आत्या पडवींत उभी होती. तिनें आमच्याकडे न पाहतां गाडीच्या पुढच्या चाकांकडे पाहिलें; दोन्ही चाकें आऱ्यांपर्यंत तांबड्या चिखलानें भरलेलीं होतीं. पुढें श्रावणांत एका रात्रीं तिला दम लागला, तेव्हां याच गाडींतून तिला सडकेपर्यंत आणून तेथून दवाखान्यांत नेलें. चौथ्या दिवशीं ती घरीं परतली, त्याच वाटेनें, पाऊस पडतच होता.

महिन्याचा नेम आतां तीच पाळून घेते. शेतावर कामाला येणाऱ्या मुलाला दर पौर्णिमेला तिचा प्रश्न ठरलेला असतो: "पुढची चाकं फिरवून आणलीस का रे?" दिवाळींत आतेभावाचा फोन आला. जीप विकण्याचा विषय त्यानें काढला नाहीं. टायर जुने झाले आहेत, नवे कोणत्या मापाचे घ्यावे, एवढेंच त्यानें विचारलें. मूळचेंच माप घ्यावें आणि पांचहि एकदम घ्यावे, असें आम्हीं सांगितलें; सुटें चाक धरून.